पोटाचा घेर आणि आतड्याचा कर्करोग

गावात एखाद्याचे पोट पुढे आले, की लोक त्याला नावे ठेवीत नाहीत. उलट कौतुक करतात. "गड्यानं अंग चांगलं धरलंय," म्हणतात. "खात्यापित्या घरचा दिसतोय," म्हणतात. लग्न जमवतानाही अंगाने भरलेला मुलगा पसंत पडतो. वाळका असला तर म्हणतात, "याच्या घरी खायला मिळत नाही वाटतं."

असे म्हणण्याला कारण आहे. आपल्या बापजाद्यांनी उपासमार पाहिली. 1972 सालचा दुष्काळ आठवणारी माणसे आजही गावोगाव आहेत. खडी फोडायच्या कामावर जायचे आणि सुकडी खाऊन दिवस काढायचा, असे दिवस त्यांनी काढले. त्या दिवसांत ज्याच्या अंगावर मांस होते, तो भाग्यवान. तेव्हा पोट हे सुखाचे लक्षण वाटले, यात नवल नाही.

पण दिवस पालटले. आता पुष्कळ घरांत दोन वेळचे पोटभर मिळते. शेताला चालत जाणारा माणूस मोटारसायकलवर जातो. नांगराच्या जागी ट्रॅक्टर आला. जात्याच्या जागी गिरणी आली, पाण्याच्या खेपांच्या जागी नळ आला. हे सारे चांगलेच झाले. कष्ट कमी झाले, हे वाईट कोण म्हणेल? पण खाणे तेवढेच राहिले, किंवा वाढले, आणि हालचाल मात्र कमी झाली. उरलेले अन्न जाणार कोठे? ते चरबी होऊन अंगावर साठते. सगळ्यांत आधी साठते ते पोटावर.

या साठलेल्या चरबीने मधुमेह होतो, रक्तदाब वाढतो, गुडघे दुखतात, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण तिचा आणखी एका रोगाशी संबंध आहे. तो रोग म्हणजे मोठ्या आतड्याचा कर्करोग. त्याच्याविषयी गावात कोणी बोलत नाही. कारण तो शौचाच्या जागेशी निगडित आहे, आणि त्या जागेचे बोलायला आपल्याला लाज वाटते. म्हणून आज आम्ही त्याच्याविषयीच सांगणार आहोत.

दोन भावांची गोष्ट

आमच्या माहितीतले दोन भाऊ होते. दोघेही अंगाने भारी. थोरल्यांचे वय 54 होते. त्यांना शौचाच्या वेळी रक्त पडू लागले. बायकोने म्हटले, "अहो, एकदा डॉक्टरांना दाखवून या की." त्यावर ते म्हणाले, "मूळव्याध आहे गं. आपल्या घरात सगळ्यांनाच आहे. उष्णता झाली असंल."

त्यांनी ताक प्यायला सुरुवात केली. मग बाजारच्या दिवशी एकाकडून पुडी आणली. चार दिवस बरे वाटे, पुन्हा रक्त दिसे. पुढे पुढे पोट साफ होईना. दोन दिवस मलबद्ध, दोन दिवस जुलाब, असे चालले. वजन उतरू लागले तेव्हा लोक म्हणाले, "चांगलं झालं, पोट कमी झालं." असे दीड वर्ष गेले. एके दिवशी पोट फुगले आणि शौच पार बंद झाले. तेव्हा घाईने जिल्ह्याच्या गावी नेले. मोठ्या आतड्यात कर्करोगाची गाठ होती. ती वाढून आतडे बंद झाले होते. रोग यकृतापर्यंत पोहोचला होता. शस्त्रक्रिया झाली, औषधे झाली, पण वर्षभरातच ते गेले.

तेथल्या डॉक्टरांनी धाकट्या भावाला बाजूला घेऊन सांगितले, "तुमच्या सख्ख्या भावाला हा रोग झाला. तुम्हीही तपासून घ्या." धाकटे आधी तयार नव्हते. "मला तर काहीच होत नाही," म्हणत होते. पण वहिनींनी धरून बसल्यासारखे केले. तपासणी झाली. आतड्यात आतल्या बाजूला एक लहान गाठ सापडली. ती अजून कर्करोगाची झाली नव्हती. डॉक्टरांनी ती तेथेच काढून टाकली. ते त्याच दिवशी घरी आले. आज ते शेती करतात, आणि रोज सकाळी पायी मळ्यात जातात.

थोरल्यांचा रोग वजनानेच झाला का? तसे डॉक्टर म्हणाले नाहीत. एका माणसाबद्दल असे कोणालाच सांगता येत नाही. पण हजारो माणसांच्या नोंदी एकत्र पाहिल्या, म्हणजे वजनाचा आणि या रोगाचा संबंध स्पष्ट दिसतो. तो कसा दिसतो ते सांगतो. पण त्याआधी आतडे म्हणजे काय ते पाहू.

आतड्याचे काम

आपण घास गिळतो, तो जठरात जातो. जठरातून तो लहान आतड्यात जातो. लहान आतडे सुमारे 20 फूट लांब असते. तेथे अन्नातला कस अंगात शोषला जातो. मग उरलेला चोथा आणि पाणी मोठ्या आतड्यात येते. मोठे आतडे सुमारे 5 फूट लांब असते. म्हणजे दोन्ही मिळून जवळजवळ नऊवारी लुगड्याएवढी लांबी झाली. ती सारी पोटात घडी घालून ठेवलेली असते. मोठे आतडे पाणी शोषून घेते आणि मळ बाहेर टाकते.

आतड्याला आतून एक पातळ अस्तर असते. ते अस्तर अतिशय लहान कणांचे बनलेले असते. त्या कणांना पेशी म्हणतात. घराची भिंत जशी विटांची, तसे शरीर पेशींचे. अन्न आणि मळ सारखा घासत जातो, म्हणून आतड्याच्या अस्तरातल्या पेशी लवकर झिजतात. चार-पाच दिवसांत जुन्या पेशी गळून पडतात आणि नव्या येतात. एका पेशीच्या दोन होतात, दोनांच्या चार होतात. प्रत्येक नवी पेशी ही जुन्या पेशीची नक्कल असते.

आता सातबाऱ्याचा उतारा पूर्वी हाताने लिहीत, ते आठवा. लिहिणारा कितीही चांगला असो, शेकडो उतारे लिहिताना एखादा आकडा चुकायचाच. आणि त्याला घाई लावली, तर चुका वाढायच्या. पेशींचेही तसेच आहे. नक्कल होताना कधी चूक होते. बहुतेक चुका शरीर स्वतःच सुधारते. पण काही राहून जातात. अशा चुका एकावर एक साठल्या, म्हणजे ती पेशी शरीराचा हुकूम मानीनाशी होते. तिला थांब म्हटले तरी ती थांबत नाही. ती वाढतच जाते. यालाच कर्करोग म्हणतात.

आतड्यात हे एकदम होत नाही. आधी अस्तरावर चामखिळीसारखी एक लहान गाठ येते. डॉक्टर तिला पॉलिप म्हणतात. सगळ्या पॉलिपचा कर्करोग होत नाही. थोड्यांचाच होतो. आणि त्यालाही बहुधा दहा-दहा वर्षे लागतात. मंडळी, ही दहा वर्षे ध्यानात ठेवा. एवढा वेळ फार थोडे रोग माणसाला देतात.

चरबी काय करते?

आपल्याला वाटते, चरबी म्हणजे कोठारात पडलेले धान्य. नुसती पडून असते. पण तसे नाही. पोटातली चरबी जिवंत आहे. ती रक्तात नाना पदार्थ सोडीत असते. त्यामुळे दोन गोष्टी घडतात.

पहिली गोष्ट इन्शुलिनची. रक्तातली साखर पेशींत पोहोचवणारा हा रस आहे. तो आपल्या पोटातच, स्वादुपिंडात तयार होतो. पोटावर चरबी वाढली, की शरीर इन्शुलिनचे ऐकेनासे होते. एका हाकेला माणूस ओ देत नसेल, तर आपण चार हाका मारतो. तसे स्वादुपिंड जास्त जास्त इन्शुलिन सोडते. या जादा इन्शुलिनचा दुसरा गुण असा, की ते पेशींना "वाढा, वाढा" असे सांगते. म्हणजे उतारे लिहिणाऱ्याला घाई लावल्यासारखेच झाले. पेशी जास्त वेगाने वाढतात, आणि चुकलेल्या पेशींनाही बळ मिळते.

दुसरी गोष्ट दाहाची. काटा मोडला, की बोट लाल होते, सुजते, ठणकते. काटा निघाला की दोन दिवसांत उतरते. चरबी फार झाली, म्हणजे अशीच सूज अंगात आतून राहते. ती दिसत नाही, दुखत नाही. राखेखाली विस्तव राहावा तशी ती वर्षानुवर्षे धुमसत राहते. त्या धगीने पेशींची नासाडी होते, आणि दुरुस्तीसाठी पुन्हा नव्या पेशी कराव्या लागतात. चुकीला पुन्हा वाव मिळतो.

हे कशावरून कळले?

तुम्ही विचाराल, "गुरुजी, हे कोणी पाहिले?" विचारलेच पाहिजे. कोणी सांगितले म्हणून मान डोलावू नये.

शाळेत जसा हजेरीपट असतो, तसा कर्करोगाचाही पट ठेवतात. कोणाला, कोठल्या भागात, कोणता कर्करोग झाला, याची त्यात नोंद असते. आपल्या देशात असा पट 1963 साली मुंबईत सुरू झाला. खेड्यांसाठी पहिला पट 1987 साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे सुरू झाला. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील गावांची नोंद त्यात होऊ लागली. आपल्याच सारख्या ज्वारी पिकवणाऱ्या, उन्हात राबणाऱ्या माणसांची ती नोंद. त्यात मोठ्या आतड्याचा कर्करोग मुंबईच्या मानाने कमी आढळला.

मग कोणी म्हणेल, खेड्यातल्या लोकांचे रक्तच निराळे. पण ते खरे नाही. याचे उत्तर जपानच्या लोकांनी दिले. 1885 सालापासून जपानमधले पुष्कळ शेतकरी हवाई नावाच्या बेटांवर उसाच्या मळ्यांत मजुरीला गेले. ती बेटे पुढे अमेरिकेकडे आली. जपानात त्या काळी आतड्याचा कर्करोग फार कमी होता. अमेरिकेत फार होता. परदेशी गेलेले जपानी आणि त्यांची मुलेबाळे अमेरिकेच्या रीतीने राहू लागली, खाऊ लागली. 1968 साली हेन्झेल आणि कुरिहारा या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या जपानी लोकांच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण वाढून अमेरिकी लोकांच्या जवळ आले होते. रक्त तेच होते. राहणी बदलली, आणि रोग बदलला.

राहणीत पुष्कळ गोष्टी येतात. त्यांतले वजन वेगळे काढून मोजणे जरूर होते. तेही पुढे झाले. 2008 साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी 141 लेख एकत्र तपासले. त्यांत 2 लाख 82 हजारांवर कर्करोगी होते. त्यांना असे आढळले, की उंचीच्या मानाने वजन एक पायरी वाढले, तर पुरुषांत मोठ्या आतड्याचा कर्करोग 100 च्या जागी सुमारे 124 जणांना होतो. बायकांत 100 च्या जागी सुमारे 109 जणींना होतो. ही पायरी केवढी? साडेपाच फुटांच्या आतबाहेर उंची असलेल्या माणसासाठी सुमारे 14 किलो.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. 100 जाड माणसांपैकी 124 जणांना रोग होतो, असा याचा अर्थ नाही. तसे कधी होईल का? अर्थ असा: हडकुळ्या वा बेताच्या माणसांच्या मोठ्या समूहात जेथे 100 रोगी निघतात, तेथे तेवढ्याच मोठ्या जाड माणसांच्या समूहात 124 निघतात. म्हणजे बहुतेक जाड माणसांना हा रोग होत नाही. आणि बारीक माणसांनाही तो होतो. पण जाडीने धोका वाढतो, हे खरे. रस्त्यावर रात्री कंदील नसलेली बैलगाडी रोज अपघातात सापडत नाही. तरी कंदील लावणारा शहाणा.

2016 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने निरनिराळ्या देशांतले तज्ज्ञ बसवून सारा पुरावा पुन्हा पाहिला. अंगावर जादा चरबी नसेल तर 13 प्रकारच्या कर्करोगांचा धोका कमी होतो, असा त्यांनी निर्वाळा दिला. त्यात मोठ्या आतड्याचा कर्करोग आहे.

जगात 2022 साली हा रोग 19 लाखांवर लोकांना नव्याने झाला, आणि सुमारे 9 लाख लोक त्याने दगावले. श्रीमंत देशांच्या मानाने आपल्याकडे तो अजून कमी आहे. पण वजने वाढत आहेत. आपल्या देशाच्या कुटुंब आरोग्य पाहणीत 2005-06 साली 100 बायकांपैकी सुमारे 13 जणी जादा वजनाच्या होत्या. 2019-21 च्या पाहणीत त्या 24 झाल्या. खेड्यांतही 100 पैकी जवळजवळ 20 निघाल्या. पुरुषांचे आकडेही असेच चढले आहेत. म्हणजे शहराची वाट आपण चालू लागलो आहोत. पुढे काय आहे ते ठाऊक असताना डोळे मिटून चालणे बरे नव्हे.

आपला घेर आपण मोजा

यासाठी दवाखान्यात जायला नको. शिंप्याकडची फीत पुरे. सरळ उभे राहा. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड हाताने चाचपा. त्या दोहोंच्या मधोमध फीत गुंडाळा. श्वास सहज सोडा. पोट आत ओढू नका. पुष्कळ पुरुष येथेच लबाडी करतात. फसवणूक होते ती स्वतःचीच.

पुरुषाचा घेर 90 सेंटिमीटरच्या आत असावा. म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंच. बाईचा घेर 80 सेंटिमीटरच्या आत असावा. म्हणजे सुमारे साडेएकतीस इंच. आशाताई 30 वर्षांवरील माणसांचा कागद भरतात, तेव्हा त्यातही हा घेर लिहितात. त्यांना फीत लावू द्या. लाजू नका. जपानात तर 2008 सालापासून 40 वर्षांवरील लोकांच्या वार्षिक तपासणीत कमरेचा घेर मोजतात.

वजनाचेही साधे माप सांगतो. आपल्या भारतीय माणसांच्या बाबतीत 5 फूट उंचीला 53 किलोपर्यंत वजन ठीक. 58 किलोच्या वर गेले तर ते फार झाले. 5 फूट 5 इंच उंचीला 63 किलोपर्यंत ठीक, आणि 68 च्या वर फार. मात्र गरोदर बाईला हे माप लावू नये.

काय करावे?

यासाठी पैसे लागत नाहीत. उलट थोडे वाचतात.

चहाचा हिशेब पाहा. एका कपात दोन चमचे साखर, म्हणजे सुमारे 10 ग्रॅम. दिवसाला पाच कप झाले, तर 50 ग्रॅम. महिन्याला दीड किलो साखर नुसत्या चहातून एका माणसाच्या पोटात जाते. वर्षाला 18 किलो! कप दोनवर आणा, चमचा एकावर आणा. आठवडाभर चहा बेचव लागेल. मग जीभ वळणावर येईल.

मुलांच्या हाती येणाऱ्या रंगीत पुड्या, बाटलीतली गोड पाणी, रोजची भजी आणि वडे, यांना सणावाराचा मान द्या. रोजचा देऊ नका. तेलाची बरणी महिन्याला किती लागते, ते घरातल्या बाईने लिहून ठेवावे. लिहिता येऊ लागले आहे, तर त्याचा हाही एक उपयोग.

आपली भाकरी सोडू नका. ज्वारी, बाजरी, नाचणी, डाळी, मटकी, मेथी, शेपू, गवार, यांत चोथा असतो. डेनिस बर्किट नावाचे एक शल्यवैद्य युगांडात पुष्कळ वर्षे काम करीत होते. तेथल्या खेडुतांचे जेवण भरपूर चोथ्याचे होते, आणि त्यांच्यात हा रोग क्वचितच दिसे. 1971 साली त्यांनी त्यावर लेख लिहिला. तेव्हापासून चोथ्याचा अभ्यास सुरू झाला. चोथ्याने मळ साठून राहत नाही, आणि थोडक्यात पोट भरते. पाहुणा आला की भाकरी लपवून मैद्याची बिस्किटे पुढे करतात, हे उलटे झाले. भाकरीची लाज कसली?

दारू सोडा. दारूने या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि विडी-सिगारेटनेही वाढतो. मटण खाणाऱ्यांनी ते आठवड्यातून एखाद-दोन वेळा, बेताने खावे.

आणि चाला. शेतावर घाम गाळणाऱ्याला वेगळा व्यायाम नको. पण दुकानावर बसणारा, गाडी चालवणारा, शिलाई करणारी, शाळेतला मास्तर, या सर्वांनी रोज निदान अर्धा तास भरभर चालावे. चालणाऱ्याला हा रोग कमी होतो, हे वजन वगळून पाहिले तरी दिसून आले आहे. गावातल्या गावात गाडी काढू नये, एवढा नियम केला तरी पुष्कळ झाले.

एकदम उपास करून वजन उतरवू नका. महिन्याला एक-दोन किलो उतरले तरी फार झाले. आणि कोणाला "जाड्या", "ढोली" म्हणून चिडवू नका. चिडवल्याने कोणाचे वजन उतरत नाही. माणूस तोंड लपवतो, आणि आजारही लपवतो.

ही लक्षणे लपवू नका

शौचावाटे रक्त पडणे, किंवा शौच डांबरासारखे काळे होणे. नेहमीची सवय बदलून तीन-चार आठवडे मलबद्ध किंवा जुलाब होणे. पोट साफ झाले नाही असे सारखे वाटणे. पोटात कळा येणे किंवा गाठ लागणे. काही न करता वजन उतरणे. पुरुषाला किंवा पाळी गेलेल्या बाईला कारण नसता रक्त कमी होऊन थकवा येणे. यांतले काहीही असेल तर डॉक्टरांकडे जा.

रक्त पडले म्हणजे कर्करोगच, असे नाही. पुष्कळदा ती मूळव्याधच असते. पण ती मूळव्याध आहे हे डॉक्टरने बोट घालून, तपासून सांगावे. शेजाऱ्याने ओट्यावर बसून सांगू नये. पुडीवाल्याने तर नाहीच नाही.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. सरकारच्या तपासणीत आशाताई आणि परिचारिका तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग पाहतात. आतड्याचा त्यात नाही. म्हणून तो कोणी दारी येऊन विचारणार नाही. आपणच तोंड उघडून सांगायला हवे.

तपासण्या सोप्या आहेत. शौचाचा थोडा नमुना घेऊन त्यात डोळ्यांना न दिसणारे रक्त आहे का, ते पाहतात. जरूर पडली तर गुदद्वारातून लवचीक दुर्बीण घालून सारे मोठे आतडे आतून पाहतात. त्याच दुर्बिणीतून पॉलिप काढताही येतो. 1969 सालापासून डॉक्टर असे काढू लागले. धाकट्या भावाचे काम असेच झाले. ज्याच्या आईबापाला किंवा सख्ख्या भावाबहिणीला हा रोग झाला आहे, त्याने काही होत नसले तरी चाळिशीत डॉक्टरांना विचारावे.

लवकर सापडला तर हा रोग बरा होतो. अमेरिकेतल्या नोंदी सांगतात, की रोग आतड्यापुरताच असताना सापडला, तर 100 पैकी सुमारे 90 जण पाच वर्षांनंतरही हयात असतात. दूर पसरल्यावर सापडला, तर सुमारे 15 उरतात. नव्वद आणि पंधरा यांच्यामध्ये काय आहे? बहुतेक वेळा नुसती लाज आणि दिरंगाई.

खर्चाचीही भीती असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. शिधापत्रिका आणि आधारकार्ड बरोबर न्या. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला विचारा. आता तुम्हाला वाचता येते. पाटी वाचा, कागद वाचून मगच सही करा.

आज घरी गेल्यावर एवढे करा. शिंप्याकडून फीत आणा. घरातल्या सर्व मोठ्या माणसांचे घेर मोजा आणि वहीत तारखेनिशी लिहा. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. आणि घरात कोणी गुपचूप ताक पिऊन रक्त थांबवू पाहत असेल, तर त्याच्याजवळ बसा. "दादा, लाजू नका, उद्या आपण दोघे जाऊ," असे म्हणा. त्या थोरल्या भावाला असे म्हणून कोणी हात धरून नेले असते, तर आम्हाला ही गोष्ट वेगळी सांगता आली असती.